कमरेला बांधलेले स्वादुपिंड

पनवेल तालुक्यातले आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. दिवा-रोहा गाडीने जाताना त्याचे छोटेसे स्टेशन लागते. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ ह्या चित्रपटातील शेवटची धावपळ ह्याच फलाटावर चित्रित झाली, म्हणून पुष्कळांना ते न पाहताही ठाऊक असते. आपल्याला आज स्टेशनापेक्षा नदीत अधिक रस आहे. कोकणातल्या बहुतेक लहान नद्या श्रावणात दुथडी भरून वाहतात आणि होळीनंतर त्यांच्या पात्रातले गोटे उघडे पडतात. पाताळगंगेला मात्र उन्हाळ्यातही पाणी असते. ह्याचे कारण घाटमाथ्यावर आहे. लोणावळ्याजवळच्या वळवणसारख्या तलावांत साठविलेले पाणी मोठाल्या नळांतून खोपोलीला उतरते, १९१५ साली सुरू झालेल्या तेथील वीजघराची चक्रे फिरविते आणि मग पाताळगंगेत सोडले जाते. विजेची मागणी वाढली की जास्त पाणी सुटते, मागणी उतरली की कमी.

आपल्या पोटात, जठराच्या मागे, असाच एक कारभार चालू असतो. तेथे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिच्यात पेशींची लहान लहान बेटे असतात. १८६९ साली पाऊल लँगरहान्स नावाच्या एका जर्मन विद्यार्थ्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिली. तेव्हा त्याला पंचविशीसुद्धा लागली नव्हती. ह्या बेटांतून इन्सुलिन रक्तात पाझरते. तुम्ही झोपलेले असा, उपाशी असा, गणिताच्या तासाला बसलेले असा, थोडे इन्सुलिन सतत येतच असते. जेवायला बसलात की एकदम पुष्कळ येते. पेशींनी रक्तातली साखर, म्हणजे ग्लुकोज, आत घ्यावे ह्यासाठी इन्सुलिन लागते. ते नसेल तर रक्तात साखर तुडुंब आणि पेशी मात्र उपाशी, अशी विचित्र अवस्था होते. धरण भरलेले, पण पाट बंद!

काही मुलांच्या बाबतीत शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून ह्या बेटांतील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींवर हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. ह्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. आजोबांना साठीत होतो तो मधुमेह बहुधा वेगळा, दुसऱ्या प्रकारचा. पहिला प्रकार गोड खाल्ल्याने होत नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. शेजारच्या बाकावर बसल्याने तो कोणाला लागत नाही, हे येथेच स्पष्ट सांगितलेले बरे.

१९२२ पूर्वी ह्या मुलांना औषधच नव्हते. कॅनडातल्या टोरांटो शहरी बँटिंग व बेस्ट ह्यांनी जनावरांच्या स्वादुपिंडापासून अर्क काढला आणि ११ जानेवारी १९२२ रोजी तो लेनर्ड टॉमसन ह्या १४ वर्षांच्या, अगदी हाडांचा सापळा झालेल्या मुलाला टोचला. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कॉलिप ह्या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हा टोचण्या सुरू झाल्या आणि मुलगा सुधारला. तो त्यानंतर तेरा वर्षे जगला. आज इन्सुलिनसाठी जनावरे लागत नाहीत. मानवी इन्सुलिनची सूचना जीवाणूंच्या किंवा यीस्टच्या पेशींत घालून ते बनविले जाते. आपल्या महाराष्ट्रातील वोक्हार्ट कंपनीने २००३ साली असे इन्सुलिन बाजारात आणले.

औषध मिळाले, पण ते द्यायचे कसे हा प्रश्न उरलाच. सुईने टोचलेले इन्सुलिन म्हणजे बादलीने ओतलेले पाणी. स्वादुपिंडाची धार मात्र सतत चालणारी आणि क्षणोक्षणी बदलणारी. ती नक्कल करण्याची खटपट १९६० नंतरच्या दशकात सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या आर्नल्ड कॅडिश ह्या डॉक्टरांनी केलेले यंत्र पाठीवर सैनिकाच्या पिशवीसारखे वागवावे लागे. रोज कोण वागविणार? १९७८ साली लंडनच्या गाइज रुग्णालयातील पिकप, कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहानशा पंपाने कातडीखाली सतत इन्सुलिन सोडून रक्तातली साखर आटोक्यात राहते असे दाखविले. आजचा पंप पत्त्यांच्या जोडाएवढा असतो आणि कमरेच्या पट्ट्याला अडकतो.

थेंबाचा दहावा भाग

पंपाच्या पोटात काय असते? एक लहान नळकांडे, त्यात इन्सुलिन, मागे दट्ट्या, दट्ट्याला ढकलणारा मळसूत्री दांडा आणि तो फिरविणारी चिमुकली मोटर. टोचण्याची सिरिंजच ती, फक्त अंगठ्याऐवजी मोटर. नळकांड्यातून एक बारीक लवचिक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसविलेल्या काही मिलिमीटर लांबीच्या मऊ नळीला जोडली जाते. ह्या मऊ नळीला कॅन्युला म्हणतात. ती बसविताना सुई वापरतात, पण सुई लगेच बाहेर काढून घेतात. दर दोन-तीन दिवसांनी हा सगळा संच बदलून नव्या जागी बसवावा लागतो. काही पंपांना नळी नसते. ते सरळ अंगाला चिकटवायचे असतात.

पंपात फक्त झटपट काम करणारे इन्सुलिन भरतात. दर काही मिनिटांनी त्याचा अतिसूक्ष्म अंश आत जातो. ह्या सततच्या धारेला बेसल म्हणतात. जेवणाच्या वेळी बटण दाबून जो मोठा हप्ता सोडतात तो बोलस.

आता एक सोपे गणित करा. पंपातल्या इन्सुलिनच्या १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. एखाद्या मुलीची बेसल धार तासाला अर्धा युनिट आहे असे धरू. म्हणजे तासाला ०.००५ मिलिलिटर. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, तेव्हा एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे तासाभरात थेंबाचा फक्त दहावा भाग! एका थेंबावर दहा तास निघतात. हे उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण नवशिक्यांचे निम्मे घोटाळे त्यातून समजतात.

पहिला घोटाळा हवेच्या बुडबुड्याचा. बुडबुडा शरीरात गेला तर जीव जाईल अशी धास्ती घरच्यांना वाटते. कातडीखाली गेलेल्या त्या चिमूटभर हवेने तसे काही होत नाही. धोका वेगळाच आहे. नळीत जेथे हवा आहे तेथे इन्सुलिन नाही. अर्ध्या थेंबाएवढी हवा म्हणजे पाच तासांची धार गायब, आणि पंपाच्या पडद्यावर तर सगळे सुरळीत! दट्ट्या पुढे सरकला एवढेच पंपाला कळते. पुढे द्रव गेला की हवा, ते त्याला दिसत नाही.

बुडबुडे येतात कोठून? शीतकपाटातून काढलेले थंडगार इन्सुलिन लगेच पंपात भरले तर. थंड द्रवात हवा अधिक विरघळते, गरम होताना ती बाहेर पडते. गार पाण्याचा पेला ओट्यावर ठेवा, थोड्या वेळाने आतल्या बाजूला बारीक फुगे चिकटलेले दिसतील. तेच नळीत घडते. म्हणून कुपी आधी काढून ठेवावी, खोलीच्या उष्णतामानाला येऊ द्यावी, मग हळूहळू भरावी आणि टिचकी मारून वर आलेले फुगे घालवून द्यावे.

नवी नळी लावली की ती आधी इन्सुलिनने भरून घ्यावी लागते. टोकाशी थेंब दिसला की नळी भरली. हे करताना नळी शरीराला जोडलेली असता कामा नये, कधीही नाही. जोडलेली असेल तर भरण्यासाठी सोडलेले सगळे युनिट थेट अंगात जातील आणि साखर धाडकन खाली येईल. पंपावर पडद्यातून तशी सूचना येते; पण दहाव्या खेपेला आपण सूचना न वाचताच बटण दाबतो. प्रवासाच्या घाईत असे होतेच. पंप शिकविणारे शिक्षक म्हणूनच विद्यार्थ्याकडून प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून करून घेतात. मला ही पद्धत फार पसंत आहे.

दुकानातली गफलत

आपल्या देशात आणखी एक खास सापळा आहे. औषधाच्या दुकानात इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते. एकात मिलिलिटरला ४० युनिट, दुसऱ्यात १००. सिरिंजाही दोन, ४० च्या लाल टोपणाच्या आणि १०० च्या नारिंगी टोपणाच्या. पंपाला १०० चेच लागते. चुकून ४० चे भरले तर पंप आपल्या हिशेबाने एक युनिट मोजील आणि शरीराला मिळेल ०.४.

उलट बाजूची चूक अधिक भयंकर आहे. पंप बंद पडला, घरात जुनी लाल टोपणाची सिरिंज सापडली आणि तिने १०० च्या कुपीतून ‘४’ च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढले. लाल सिरिंजवरची ४ ची खूण म्हणजे ०.१ मिलिलिटर. १०० च्या कुपीतले ०.१ मिलिलिटर म्हणजे १० युनिट! चार हवे होते, दहा गेले. म्हणून पंपाबरोबरच्या डब्यात जी कुपी असेल तिच्याच जोडीची सिरिंज ठेवावी आणि दुसऱ्या जातीची त्या डब्यात ठेवूच नये.

आता जेवणाचा हिशेब. समजा, डॉक्टरांनी एका मुलाला सांगितले आहे की त्याला १५ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट लागते, १ युनिटने त्याची साखर ५० ने उतरते आणि जेवणाआधीची त्याची साखर १२० असावी. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. प्रत्येकाचे वेगळे असतात आणि एकाच मुलाचेही दिवसाच्या निरनिराळ्या वेळी बदलतात.) ताटात दोन भाकऱ्या आहेत, त्यांतून ६० ग्रॅम कर्बोदके मिळणार असे धरू. त्यासाठी ४ युनिट. साखर मोजली तर २२०, म्हणजे १०० जास्त, त्यासाठी २ युनिट. एकूण ६.

पण थांबा. दोन तासांपूर्वी त्याने वडापाव खाऊन बोलस घेतला होता. झटपट इन्सुलिन म्हटले तरी त्याचे काम सुमारे चार तास रेंगाळते. मागच्या हप्त्यातले २ युनिट अजून अंगात काम करीत असतील तर ते वजा करायला हवेत. उत्तर आले ४. पंप ही वजाबाकी आपण होऊन करतो. नवशिका मात्र अधीर असतो. साखर २२० दिसली, बोलस दिला. अर्ध्या तासाने पाहिली, २१५. ‘काहीच झाले नाही!’ म्हणून आणखी दिला, मग आणखी. तासा-दीड तासाने सगळे हप्ते एकदम काम करू लागतात आणि मुलगा घामाघूम होतो, हातपाय कापू लागतात, शब्द सुचेनासे होतात. डाळीला फोडणीचा वास येईना म्हणून दर मिनिटाला हिंग घालीत बसण्यासारखेच हे.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोजची पूड किंवा साखर पाण्यातून घ्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. मग १५ मिनिटे थांबून पुन्हा मोजायचे. अशा वेळी चॉकलेट किंवा लाडू खाऊ नये, कारण तुपाने पचन मंदावते आणि साखर उशिरा पोचते. मुलगा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाईल. पंप काढून तत्काळ दवाखाना गाठायचा.

दसऱ्याचे श्रीखंड ही गोष्ट ह्याच्याच उलट बाजूची. (आपट्यात राहून दसऱ्याला विसरून कसे चालेल?) श्रीखंडात साखर भरपूर, पण चक्क्यातले स्निग्ध पदार्थ तिला धरून ठेवतात. बोलस एकदम दिला तर आधी साखर उतरते आणि दोन-तीन तासांनी चढते. पंपाची एक खुबी येथे कामी येते. हप्त्याचा काही भाग लगेच आणि उरलेला पुढच्या दोन-तीन तासांत सावकाश, असा तो सोडता येतो. सिरिंजला हे जमत नाही.

अंगात शिल्लक नाही

ह्या यंत्राची सर्वात मोठी कमजोरी त्याच्या गुणातच दडलेली आहे. टोचणी घेणाऱ्याच्या अंगात दिवसभर पुरणाऱ्या संथ इन्सुलिनचा साठा असतो. पंपवाल्याच्या अंगात असा साठा नसतोच. धार तुटली की काही तासांत झटपट इन्सुलिन संपते. मग उपाशी पेशींसाठी शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात साचतात. तहान, पोटदुखी, उलट्या, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आणि धाप, ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास ह्याने आजही मृत्यू येतो. अनेकदा घरचे लोक ‘बाहेरचे काही खाल्ले असेल’ म्हणून उलटीचे औषध देत बसतात आणि वेळ जातो.

धार तुटते कशी? उदाहरणे अगदी घरगुती आहेत. नळी दाराच्या कडीत अडकते आणि कॅन्युला निसटते. ती कातडीखाली दुमडते. मुलगा पाताळगंगेवर पोहायला जातो, पंप काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतो, घरी येऊन क्रिकेटला पळतो आणि पंप खिशातच. मे महिन्याच्या घामाने चिकटपट्टी सुटते. कोकणात हा त्रास फार. कॅन्युला दुमडली तर पंप शिटी वाजवील, असे तुम्ही म्हणाल. वाजवील, पण कधी? नळी तुंबली की आत दाब वाढतो आणि ठरावीक दाबाला घंटा होते. तासाला थेंबाचा दहावा भाग ढकलणाऱ्या यंत्रात तो दाब वाढायला कित्येक तास लागू शकतात. आणि कॅन्युला निसटून इन्सुलिन कपड्यावर गळत असेल तर दाब वाढतच नाही, म्हणजे घंटाही नाही. तेथे नाकच उपयोगी. इन्सुलिनला दवाखान्यासारखा एक उग्र वास असतो.

म्हणून नवा संच रात्री झोपताना बसवू नये. सकाळी किंवा दुपारी, जेवणाआधी बसवावा. जेवणाचा बोलस त्यातूनच जातो, दोन तासांनी साखर मोजली की संच चालतो की नाही ते जागेपणीच कळते. साखर २५० च्या वर गेली, पंपातून दुरुस्तीचा हप्ता दिला आणि तरी दोन तासांत उतरली नाही, तर पंपावर विश्वास ठेवायचा नाही. सुधारणेचा पुढचा हप्ता सिरिंजने किंवा पेनने घ्यायचा, संच बदलायचा, कीटोन तपासायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. उलट्या सुरू असतील तर घरी थांबायचेच नाही, पनवेल गाठायचे.

त्यासाठी पेन, सिरिंज आणि काही दिवसांचे इन्सुलिन घरात हवेच. २६ जुलै २००५ च्या पावसात रायगड जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे बंद पडली होती. अशा दिवशी ‘उद्या दुकानातून आणू’ हे चालत नाही. वीज नसली तरी पंपाचे फारसे अडत नाही, तो घटावर किंवा आधीच भरलेल्या बॅटरीवर चालतो. अडते ते शीतकपाट. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते तापले की बिघडते आणि गोठले तरी बिघडते. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले इन्सुलिन फेकून द्यावे. खेड्यांतून मातीच्या मडक्यात ते गार ठेवतात. ही युक्ती चांगली आहे, पण मडके गार होते ते पाण्याची वाफ होऊन. नागपूरच्या कोरड्या हवेत ते झकास गार होते, आपट्याच्या दमट हवेत पाणी तितके उडत नाही. तेव्हा मडक्यात उष्णतामापक ठेवून पाहिल्याशिवाय भिस्त ठेवू नये. एक-दोन आठवडे रोज दुपारी नोंद करा. शाळेच्या प्रदर्शनासाठीही हा प्रयोग छान आहे.

घड्याळाची चूक मजेदार वाटते, पण आहे गंभीर. पहाटे शरीराला बहुधा जास्त इन्सुलिन लागते, म्हणून पंपात दिवसाच्या प्रत्येक भागाची वेगळी धार लावलेली असते. घट बदलताना घड्याळ सकाळच्या सातऐवजी संध्याकाळच्या सातला लागले, तर पंप इमानेइतबारे बारा तास उलटा कारभार करील. घट बदलल्यावर आधी घड्याळ पाहायचे.

काही नवे पंप संवेदकाशी जोडलेले असतात. संवेदक कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि पंप आपली धार त्याप्रमाणे कमीजास्त करतो. कॅडिशच्या पाठीवरच्या यंत्राचे स्वप्न ते हेच. तरी जेवणाची वर्दी बहुतेक पंपांना अजून माणसालाच द्यावी लागते. शिवाय हा द्रव रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून कबड्डी ऐन रंगात असताना संवेदक १०० दाखवितो आणि बोटाचे रक्त ७५ सांगते. अंग कापत असेल तर पडद्यापेक्षा अंगावर भरवसा ठेवून बोट टोचून पाहावे.

ह्या सगळ्याला किंमत किती? पंपाला काही लाख रुपये पडतात, शिवाय संचांचा खर्च दरमहा वेगळाच. त्यामुळे आपल्याकडील बहुसंख्य मुले सिरिंज किंवा पेनच वापरतात. ती मागासलेली आहेत असे मुळीच समजू नका. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ ह्या काळात १,४४१ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्यांचे डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू पुष्कळ सुरक्षित राहिले. त्या काटेकोर गटात पंपवाले होते, तसे दिवसातून तीन-चार टोचण्या घेणारेही होते. आणि वहीत आकडे लिहून ठेवायला लागते ती साधी पेन्सिल.

पंप चुंबकीय तपासणीच्या खोलीत नेत नाहीत, आधी काढून बाहेर ठेवतात. तेथल्या प्रचंड चुंबकाने मोटर बिघडते. क्ष-किरण तपासणीलाही तसेच करतात. वर्गात मध्येच तो शिटी वाजवितो तेव्हा गुरुजी मोबाइल समजून रागावतात, म्हणून त्यांना वर्षारंभीच दाखवून ठेवलेला बरा. परीक्षेला ग्लुकोज, खाऊ आणि पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची मुभा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना दिली. तुमच्या वर्गात असा कोणी असेल तर त्याची ग्लुकोजची पुडी दप्तराच्या कोणत्या कप्प्यात असते ते त्यालाच विचारून ठेवा.